पाण्यावर नेलपेंट पसरत नाही? नवी बाटली आणण्याआधी एक थेंब टाकून बघा

वॉटर मार्बल म्हणजे पाण्यावर नेलपेंटचे थेंब टाकून, त्यांत नक्षी काढून ती नखावर उचलणं. ते करून बघणाऱ्या बहुतेक जणींची तक्रार एकाच वाक्यात येते: ‘गेल्या वेळी इतकं छान जमलं होतं, आज काही केल्या जमत नाहीये.’ बाटल्या त्याच, वाटी तीच, हातही तोच. तरी थेंब पाण्यात पडताक्षणी तळ गाठतो, नाहीतर एका जागी गोळा होऊन बसतो. कधी पसरतो, पण टूथपिक लावली की सगळी नक्षी तिच्यामागे ओढली जाते. मग ‘ही नेलपेंट मार्बलला चालतच नाही’ असं ठरवून नव्या बाटल्या येतात, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

बाटलीवर ठपका ठेवण्याआधी पाण्यात एक थेंब टाका आणि टूथपिक न लावता त्याच्याकडे नुसतं बघा. बिघाड पाण्यात आहे, वाटीत आहे, खोलीतल्या हवेत आहे की खरंच बाटलीत, हे त्या एका थेंबाच्या वागण्यावरून कळतं. कातडीला रंग लागू नये म्हणून पाचही बोटांना टेप लावून, रंग ओतून मग शोध घेत बसलात तर नेलपेंटही वाया जाते आणि उत्साहही.

थेंब पसरतो कशामुळे

साध्या नेलपेंटमध्ये पापुद्रा तयार करणारा पदार्थ म्हणजे नायट्रोसेल्युलोज. तो इथाइल अ‍ॅसिटेट, ब्युटाइल अ‍ॅसिटेट अशा लवकर उडून जाणाऱ्या द्रावकांत विरघळवलेला असतो. द्रावक उडालं की मागे रंगाचा कडक थर उरतो. नखावर हेच होतं आणि पाण्यावरही हेच होतं. फरक इतकाच की पाण्यावर हा थर फार पातळ असल्यामुळे कितीतरी लवकर सुकतो.

पसरण्याचं काम मात्र पाणी करतं. खोलीच्या तापमानाला, म्हणजे साधारण २५ अंश सेल्सिअसला, स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाची ओढ, मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. नेलपेंटमधल्या द्रावकांचा असतो २५च्या आसपास. पाण्याची ओढ तिपटीच्या जवळपास, म्हणून थेंब पृष्ठभागाला टेकताच चहूबाजूंनी खेचला जातो.

म्हणजे पाण्यावर एकाच वेळी दोन गोष्टी चालू असतात: पाणी थेंबाला खेचत असतं आणि हवा त्याला सुकवत असते. पाण्यावरची जवळजवळ प्रत्येक अडचण या दोहोंपैकी एकीत बसते. एक तर पाण्याची ओढ कमी झालेली असते, किंवा सुकण्याचा वेग वाढलेला असतो. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट असू शकतात, म्हणून अंदाजाने काहीतरी बदलत बसू नये.

एका थेंबाची चाचणी

कागदी कप घ्या. तोंड सहा-सात सेंटिमीटरचं असलं की पुरतं. काठापासून बोटभर खाली राहील इतकं फिल्टरचं पाणी भरा. माठातलं किंवा फ्रिजमधलं पाणी असेल तर तासभर बाहेर ठेवून खोलीइतकं होऊ द्या. पंखा बंद करा. बाटली दोन्ही तळव्यांत धरून फिरवा. जोरजोरात हलवली तर आत हवेचे बुडबुडे शिरतात आणि तेच पुढे नखावर दिसतात. मग ब्रशवरचा थेंब पाण्याच्या अगदी जवळ आणा. ब्रश पाण्यात बुडवायचा नाही आणि थेंब उंचावरून टपकूही द्यायचा नाही. थेंब सुटला की बघत राहा.

तो दोन-तीन सेकंदांत मोठा गोल होऊन पसरला आणि पंधरा-वीस सेकंदांनी मधल्या भागाला टूथपिकने हलकेच स्पर्श केल्यावर रेघ उमटली, तर पाणी, हवा, बाटली सगळं ठीक आहे. तुमची अडचण पुढे, नक्षी काढण्यात किंवा बोट बुडवण्यात आहे. त्या भागाकडे जा.

थेंब बुडाला तर सगळ्यात आधी उंची तपासा. दोन इंचांवरून पडलेला थेंब पृष्ठभाग फोडून आत जातो आणि आत गेलेला थेंब पाण्याच्या ओढीला सापडत नाही. उंची बरोबर असूनही बुडत असेल तर नेलपेंट घट्ट किंवा जड आहे. चमकी घातलेल्या, वाळूसारख्या खरखरीत पोताच्या आणि मॅट बाटल्या यासाठी बाजूला ठेवा. अजून एक सवय आपल्याकडे फार दिसते: नेलपेंट टिकावी म्हणून ती फ्रिजच्या दारात ठेवतात. ठेवायला हरकत नाही, पण थंड नेलपेंट घट्ट होते आणि पसरायच्या आधीच खाली जाते. आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवा.

थेंब तरंगला पण लहानसा गोळा होऊन बसला, तर पाण्याची ओढ कोणीतरी मारली आहे, आणि ते बहुतेक वेळा साबण किंवा तेल असतं. भांड्याच्या साबणाने धुतलेल्या वाटीला थोडा जरी साबण राहिला, तरी पृष्ठताण झपकन उतरतो. हाताला लावलेलं क्रीम, केसांचं तेल, क्युटिकलला (नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीला) लावलेलं बदामाचं तेल हेही बोटावरून पाण्यात उतरतं. पहिल्या बोटाला सगळं छान आणि दुसऱ्या बोटापासून बिघाड असं होत असेल तर या कारणाचा संशय धरा. कागदी कप आणि फिल्टरचं पाणी वापरल्यावर तीच बाटली नीट पसरली, तर दोष तुमच्या नेहमीच्या वाटीचा किंवा नळाच्या पाण्याचा होता. बोअरवेलचं जड पाणी, ज्याने बादलीच्या कडेला पांढरे थर धरतात, त्या पाण्यावर नेलपेंट धड वागत नाही अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. अशा घरांत आरओचं पाणी वापरणं सोपं.

कप आणि पाणी बदलूनही गोळाच राहतो? मग आता बाटलीकडे बघायचं. झाकण उघडल्यावर ब्रशवरून थेंब आपोआप सुटतो का, की तार धरतो? तार धरत असेल तर आतलं द्रावक बरंचसं उडून गेलं आहे. दोन-तीन थेंब नेलपेंट थिनर घाला, बाटली तळव्यांत फिरवा आणि थोडा वेळ ठेवून द्या. रिमूव्हर मात्र घालू नका. बाजारातल्या बऱ्याच रिमूव्हरमध्ये पाणी, तेल, सुगंध असं काय काय असतं. त्याने नेलपेंट तेवढ्यापुरती पातळ दिसते, पण तिचा थर दुबळा होतो आणि पाण्यावर तुकडे पडतात.

आणि शेवटचा प्रकार, सगळ्यात जास्त छळणारा: थेंब मस्त पसरतो, पण टूथपिक लावली की रेघ उठण्याऐवजी सबंध थर दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन येतो. पाण्याची ओढ इथे शाबूत आहे. द्रावक फार लवकर उडालं आहे.

पंखा, उन्हाळा आणि पावसाळा

पंखा बंद करा हे मी वर लिहिलं, पण वाचणाऱ्यांपैकी निम्म्या जणी ते करणार नाहीत, कारण आपल्याकडे पंखा चालू आहे हे जाणवतच नाही. छताचा पंखा एकवर असला तरी पाण्यावर वारा येतो आणि द्रावक उडण्याचा वेग वाढतो. एसीचा झोत थेट टेबलावर येत असेल तर तोही फिरवा. खिडकी किलकिली राहू द्या, कारण द्रावकांचा वास बंद खोलीत डोक्यात जातो. फक्त वारा कपावर येता कामा नये.

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा दुपारी मार्बल करायला बसणं म्हणजे हट्ट. पाणी कोमट झालेलं असतं, नेलपेंटही कोमट, आणि दुसरा थेंब टाकेपर्यंत पहिल्याची कड घट्ट होते. सकाळी लवकर बसा. पाणी थंड करून हा प्रश्न सुटेल असं वाटतं, पण फार थंड पाण्यावर नेलपेंट घट्ट होऊन पसरत नाही. पाणी हाताला ना गार ना गरम लागलं पाहिजे. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी उलटं होतं: नळाचं पाणी बर्फगार असतं, थेंब आखडतात. तिथे पाण्यात थोडं गरम पाणी मिसळून घेतलं की काम होतं.

मुंबई, कोकण, गोव्याचा पावसाळा वेगळाच त्रास देतो. पाण्यावर सगळं व्यवस्थित होतं आणि नखावर सुकल्यावर रंगावर पांढुरकी, धुरकट छटा येते. द्रावक उडताना थर गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर जमते आणि थरात अडकते. लाकडावर लाखेचं किंवा नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश करणाऱ्यांना हे दुखणं चांगलं माहीत असतं. पावसाच्या दिवसांत ते काम टाळतात ते याचसाठी. नखासाठी उपाय असा की खोली आधी एसीने थोडी कोरडी करून घ्यायची, रंग चढल्यावर घाई करायची नाही, आणि पूर्ण सुकल्यावर टॉप कोट (वरचा पारदर्शक थर) लावायचा. छटा हलकी असेल तर टॉप कोटखाली बरीचशी झाकली जाते.

‘क्विक ड्राय’ लिहिलेल्या बाटल्या मार्बलला घेऊ नका, वर्षातल्या कुठल्याच महिन्यात. नखासाठी तो गुण आहे, पाण्यावर तोच आड येतो.

दुसरा थेंब कमी पसरतो, तो बिघाड नाही

पहिला थेंब कपाच्या काठापर्यंत जातो आणि फिकट, जवळजवळ पारदर्शक दिसतो. दुसरा त्याच्या आत लहान वर्तुळ करतो, तिसरा आणखी लहान. हे बघून पुष्कळ जणी दुसरी बाटली खराब आहे असं समजतात. पहिल्या थेंबाला मोकळं पाणी मिळतं. दुसऱ्याला आधीच रंगाने झाकलेला पृष्ठभाग मिळतो आणि तिथे ओढ कमी झालेली असते. म्हणून वर्तुळं होतात, आणि वर्तुळं होतात म्हणून तर मार्बल होतं.

तेव्हा पहिला थेंब असा टाका की त्याचा रंग गेला तरी चालेल. मी पारदर्शक बेस कोटचा किंवा पांढऱ्याचा टाकते. त्यानंतर मुख्य दोन रंग आलटून पालटून, सगळे एकाच केंद्रावर, आणि न थांबता. पाच-सहा थेंब पुरतात. बाटल्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवा. झाकण फिरवण्यात गेलेले सेकंद कडेच्या वर्तुळाच्या वाट्याला येतात.

ही युक्ती फार जुनी आहे. पाण्यावर रंगांची नक्षी काढून ती कागदावर उचलणारी तुर्कस्तानची एब्रू कला, जिला २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं, तिच्यात रंगात बैलाचं पित्त मिसळतात, ते रंगाचा पृष्ठताण उतरवून तो पसरावा म्हणून. पाण्यात गोंद कतीरा घालून ते दाट करतात, त्यामुळे नक्षी निवांतपणे काढता येते. आपल्या दख्खनमध्येही, आदिलशाही विजापुरात, सतराव्या शतकात अशा मार्बल कागदातून चित्रं घडवली गेली. हाडं दिसणारा घोडा आणि त्याचा कृश स्वार असं त्यातलं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्या कारागिरांच्या रंगातून द्रावक असं उडून जात नव्हतं. नेलपेंटला ती सवलत नाही. तिच्याकडे मिनिटभराचाही वेळ नसतो, म्हणून नक्षी आधी डोक्यात ठरलेली असावी लागते.

टूथपिक कुठून लावायची

सगळ्यात बाहेरच्या वर्तुळाला हात लावू नका. ते कपाच्या काठाला चिकटून सुकलेलं असतं. तिथून रेघ काढायला गेलात की अख्खी नक्षी ओढली जाते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्तुळापासून सुरुवात करा. टूथपिकचं टोक पृष्ठभागाला टेकवायचं, आत खुपसायचं नाही. बाहेरून केंद्राकडे रेघा ओढल्या की पाकळ्या होतात. मधोमध एक रेघ एका दिशेने, पुढची उलट दिशेने अशा आडव्या रेघा ओढल्या की पिसासारखी नक्षी येते. प्रत्येक रेघेनंतर टोक टिश्यूने पुसा. त्यावर सुकलेला कण राहिला तर पुढची रेघ फाटणार हे नक्की. चार-पाच रेघांत थांबा, पुढे रंग मिसळून गढूळ होतात.

बोट बुडवताना

पाण्यावरची नक्षी सुंदर आणि नखावर मात्र टाचणीच्या टोकाएवढी भोकं, ही तक्रार बुडवण्याच्या कोनाची आहे. नख अगदी सपाट धरून वरून टेकवलं तर नक्षी हुबेहूब येते, पण नख आणि थर यांच्यामध्ये हवा अडकते. मी तिरकं बुडवायला सांगते: नखाचं टोक आधी, मग सावकाश बाकीचं नख, मध्ये कुठेही न थांबता. नक्षी किंचित लांबट होते, पण बुडबुडे जवळजवळ नाहीसे होतात.

बोट पाण्यात गेल्यावर लगेच बाहेर काढू नका, कारण वर उरलेला थर बाहेर येणाऱ्या नखावर दुसऱ्यांदा गुंडाळला जातो आणि खालची नक्षी झाकून टाकतो. बोट आतच ठेवून पृष्ठभागावर हलकी फुंकर घाला, दहा-एक सेकंदांत थर घट्ट होईल. मग इअरबड किंवा टूथपिक कडेकडेने फिरवून तो गोळा करा आणि मोकळ्या पाण्यातून बोट वर काढा. पुढच्या बोटाआधी पाणी पुन्हा स्वच्छ दिसलं पाहिजे.

पहिला हात सुरेख आणि दुसरा बिघडलेला, असं का होतं? इथाइल अ‍ॅसिटेट थोड्या प्रमाणात पाण्यात विरघळतं. प्रत्येक बोटागणिक ते पाण्यात साठत जातं आणि पाण्याचा पृष्ठताण उतरतो. वरून पाणी नितळ दिसतं, पण त्याची ओढ गेलेली असते. दोन-तीन बोटांनंतर पाणी बदला. कप बदललात तर आणखी उत्तम.

थर्माकोलचे पेले यासाठी वापरू नका. नेलपेंटमधली द्रावकं आणि अ‍ॅसिटोन थर्माकोल विरघळवतात. पेल्याची कड चिकट होते आणि तिचे कण पाण्यात येतात. खाण्यापिण्याची भांडीही नकोत, कारण चिकटलेला थर घासून पूर्णपणे निघत नाही.

नखावर आल्यानंतर

रंग फिका वाटत असेल तर खाली पांढरा थर हवाच. मार्बलचा थर अतिशय पातळ असतो आणि नखाचा गुलाबीपणा त्यातून दिसतो. पांढरा रंग आदल्या रात्री लावून ठेवलात तर सगळ्यात बरं. ओल्या पांढऱ्यावर मार्बल बसवलं की सुरकुत्या पडतात.

बाहेर काढलेल्या नखावर पाण्याचे थेंब असतात. ते पुसायचे नाहीत. टिश्यूचा कोपरा थेंबाच्या कडेला टेकवायचा, तो आपोआप शोषून घेतो. निदान दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त. पाणी आत राहून वर टॉप कोट बसला तर दुसऱ्याच दिवशी पापुद्रे निघतात, आणि लोक त्याचा दोष टॉप कोटला देतात. टॉप कोट लावताना ब्रशवर भरपूर घ्या आणि नखावर ब्रश न दाबता नुसता थर सोडत जा. कोरड्या ब्रशने घासलं की नक्षी पुसटते. टोकाच्या कडेवरूनही एकदा फिरवा.

नखाभोवतीच्या कातडीला रंग लागू नये म्हणून आधी लावायला लिक्विड लेटेक्स मिळतं, ते नसेल तर टेप चालते. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर टेपच. कातडीवर राहिलेला रंग अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने काढा.

जेल पॉलिशने हे होत नाही का, असं बऱ्याच जणी विचारतात. नाही होत. जेल द्रावक उडून सुकत नाही, दिव्याखाली धरल्यावरच घट्ट होतं, त्यामुळे पाण्यावर त्याचा उचलण्याजोगा थर बनत नाही. शिवाय न घट्टावलेलं जेल कातडीला पुन्हा पुन्हा लागलं तर त्यातल्या अ‍ॅक्रिलेट रसायनांची अ‍ॅलर्जी जडू शकते, आणि ती जडली की आयुष्यभर राहते. जेलवर मार्बल हवं असेल तर रंग ज्यात आपोआप पसरतो असं ब्लूमिंग जेल मिळतं, ते थेट नखावर वापरायचं.

लग्नसराईत नवऱ्या मुलींसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हळद पांढऱ्या आणि फिक्या रंगांना पिवळं करते, टॉप कोट असला तरी. हळदीचा कार्यक्रम उरकल्यावरच नखं करायला घ्या. मेंदी आधी काढलेली असेल तर हाताला लावलेलं निलगिरीचं किंवा लवंगाचं तेल नखांवरून रिमूव्हरने नीट पुसून घ्या.

काम झाल्यावर कपातला थर टूथपिकने गोळा करून कोरड्या कचऱ्यात टाका, बेसिनमध्ये ओतू नका; पाण्याबरोबर गेलेले तुकडे जाळीत अडकतात. अ‍ॅसिटोन, थिनर आणि नेलपेंट तिन्ही पटकन पेट घेणारी आहेत, तेव्हा टेबल देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून लांब मांडा, आणि अ‍ॅसिटोनचे बोळे टाकण्याआधी खिडकीपाशी पूर्ण सुकू द्या.